टॉवेल विणणारं दुसरं गाव : इमाबारी
(लेखमाला : जपानची छोटी शहरं)

जपानला निघालेला कुणी ओळखीचा आसरा चौकात भेटला की माझा त्याला एकच आग्रह असतो. टोकियो बघ, क्योतो बघ, फुजी दिसला तर भाग्य समज. पण सोलापूरचा असशील तर दोन रात्री इमाबारीला राहा. सहल कंपन्यांच्या पत्रकात हे नाव सहसा सापडत नाही. शिकोकू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, एहिमे प्रांतात, सेतोच्या शांत समुद्राला लागून हे शहर आहे. वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या बार्शीपेक्षा थोडं मोठं. तिथे जायचं कारण साधं आहे. आपण जे विणतो तेच तेही विणतात.

जुळे सोलापुरात आता मागाचा आवाज येत नाही. तो ऐकायचा तर पूर्व भागात जावं लागतं. तरी इथल्या कुठल्याही घरात कपाट उघडा, चादर आणि टॉवेल गावचाच निघेल. १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून पद्मशाली विणकरांच्या घरातल्या यंत्रमागांपर्यंतचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. सोलापुरी चादरीप्रमाणे इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे मात्र गावातही अनेकांना ठाऊक नसतं. ते ठाऊक असलेल्या माणसाने इमाबारी बघितलं तर त्याला तिथे दुप्पट दिसेल.

जायचं कसं, ते थोडक्यात. ओसाकाहून शिंकान्सेनने पाऊण-एक तासात ओकायामा गाठायचं. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून केलं, ती बाग याच शहरात आहे, तेव्हा अर्धा दिवस हाताशी असेल तर इथे उतरा. पुढे शिओकाझे नावाची जलद गाडी १९८८ साली झालेल्या सेतोच्या महापुलावरून समुद्र ओलांडते आणि साधारण दोन तासांत इमाबारीला पोचवते. पुलावर गाडी आली की पुस्तक, फोन सगळं बाजूला ठेवा.

स्टेशनाबाहेर पडल्यावर जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्या शोधू नका. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, ५ आणि ६ तारखेच्या मधल्या रात्री, अमेरिकी विमानांनी टाकलेल्या बॉम्बनी या शहराचा बहुतेक भाग जळून गेला. त्याच सकाळी समुद्रापलीकडे हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि जगाच्या आठवणीत इमाबारीला जागा उरली नाही. हिरोशिमाचं शांतता स्मारक ज्यांनी उभारलं ते वास्तुरचनाकार तांगे केन्झो इमाबारीत वाढलेले. त्यांची आई इमाबारीवरच्या त्या हल्ल्यात गेली. पुढे तांगेंनी इमाबारीची नगरपालिका आणि सार्वजनिक सभागृह बांधलं. उघड्या काँक्रीटच्या, दुमडलेल्या कागदासारख्या भिंतींच्या या इमारती रोजच्या कामकाजात आजही वापरात आहेत. हिरोशिमाच्या स्मारकाला जगभरचे लोक येतात, इथे तुम्ही एकटे असाल. मला ही नगरपालिका त्या स्मारकाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण जळालेल्या गावाचे दाखले, करवसुली आणि सभा पुढे याच वास्तूत होऊ लागल्या.

आता टॉवेल. हा भाग सावकाश वाचा.

सोजा नावाची एक लहान नदी या शहरातून समुद्राला मिळते. तिचं आणि तिच्या काठच्या जमिनीतलं पाणी मऊ आहे, त्यात लोहासारखी खनिजं फार कमी. सुताला पांढरं करायला आणि रंगवायला असं पाणी मोलाचं, कारण जड पाण्यात साबण फुकट जातो आणि रंग डागाळतो. या पाण्यावर आधी सुती कापडाचा आणि फ्लॅनेलचा धंदा उभा राहिला. १८९४ साली आबे हेइसुके यांनी फ्लॅनेलचे माग बदलून घेतले आणि टॉवेल विणायला सुरुवात केली. जपानमधलं टॉवेलचं दुसरं मोठं केंद्र ओसाकाजवळचं सेन्शू. तिथे टॉवेल आधी विणतात आणि मग धुऊन शुभ्र करतात. इमाबारीची परंपरा उलटी: सूत आधी धुवायचं, रंगवायचं, मग मागावर चढवायचं. म्हणून जेकार्डची रंगीत नक्षी ही इमाबारीची ओळख झाली, जशी ती आपल्या चादरीची आहे.

१९९१ साली इमाबारीचं उत्पादन सुमारे ५०,००० टनांवर होतं. मग चीन आणि व्हिएतनाममधून स्वस्त माल आला आणि पुढच्या जेमतेम वीस वर्षांत आकडा पाचव्या हिश्श्यावर घसरला. पूर्वी पाचशेच्या घरात असलेल्या कंपन्यांतल्या बहुतेक बंद पडल्या. ज्यांनी लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा थांबलेला पाहिला, त्यांना या आकड्यांमागची घरं वेगळी सांगायला नकोत. इमाबारीचे कारखाने तोपर्यंत बहुतेक करून दुसऱ्यांच्या नावाने माल काढत. परदेशी फॅशनच्या ब्रँडची चिठ्ठी लागलेला टॉवेल कुठल्या गावात विणला, हे विकत घेणाऱ्याला कळतच नसे.

२००६ मध्ये टॉवेल उत्पादकांच्या संघाने सरकारी मदतीने एक प्रकल्प हाती घेतला आणि सातो काशिवा या नामवंत डिझायनरला बोलावलं. युनिक्लोची आजची लाल खूण ज्यांनी केली, तेच हे. त्यांनी लाल, निळी आणि पांढरी खूण तयार केली आणि एक अवघड सल्ला दिला: नक्षी बाजूला ठेवा, आधी कोरा पांढरा टॉवेल पुढे आणा. रंग आणि जेकार्ड यांत आयुष्य घालवलेल्या कारागिरांना हे रुचणं कठीण होतं. पण पांढऱ्या टॉवेलात लपवायला काहीच नसतं, पाणी किती ओढतो एवढंच उरतं.

म्हणूनच या खुणेच्या मागे पाच सेकंदांची कसोटी आहे. टॉवेलचा लहानसा तुकडा पाण्यावर ठेवायचा, तो पाच सेकंदांत बुडायला लागला पाहिजे. कोऱ्या टॉवेललाही ही अट आहे आणि तीनदा धुतलेल्यालाही. कोऱ्या टॉवेलवर एवढा भर का, हे सोलापूरच्या माणसाला चटकन कळेल. धागा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, कापसाच्या अंगचं मेणही त्यात असतं. ही दोन्ही नीट धुऊन निघाली नाहीत तर टॉवेल पाणी ढकलतो. वरून मऊपणासाठी रसायनाचा हात फिरवला तर दुकानात तो छान लागतो आणि घरी अंग ओलंच राहतं. शिवाय रंग टिकणं, वळ्या न उपसणं अशाही चाचण्या आहेत. पास झालेल्या टॉवेललाच खूण लागते आणि तिच्याबरोबर एक क्रमांक असतो, त्यावरून कुठल्या कारखान्याचा माल ते शोधता येतं. एखाद्या कारखान्याने हलका माल काढला तर सगळ्या गावाची नाचक्की होते, म्हणून गावच तपासतं.

माझ्या मते सोलापूरकराने इमाबारीत पाहायची गोष्ट ही आहे. मानांकन आपल्याकडेही आहे. पण बाहेर विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर बसस्टँडवर विकली जाते, ही आपली जुनी तक्रार तशीच आहे. गिऱ्हाइकाला दुकानात उभ्या उभ्या समजेल, करून पाहता येईल, अशी एखादी कसोटी आपण आपल्या चादरीला अजून लावलेली नाही. वजनाची लावा, रंगाची लावा, दोन्ही बाजूंनी उठणाऱ्या नक्षीची लावा. हे काम गावातल्या विणकरांनी आणि कारखानदारांनी एकत्र बसून करायचं आहे आणि ते व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शहरात उत्पादक संघाचं दुकान आहे, तिथे निरनिराळ्या कारखान्यांचे टॉवेल हातात घेऊन बघता येतात. ‘टॉवेल सोमेलिए’ नावाची परीक्षा दिलेले विक्रेते असतात. कुठल्या धाग्याचा, कशासाठी, रोजच्या वापरासाठी की पाहुण्यांसाठी, असं विचारून ते टॉवेल काढून देतात. आसाकुरा भागातलं टॉवेल कला संग्रहालयही बघा, तिथे काचेपलीकडे माग चालताना दिसतात.

संध्याकाळी किल्ल्याकडे वळा. तोदो ताकातोरा याने १६०२ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याचा मनोरा १९८० मध्ये नव्याने उभारलेला आहे, पण खंदक जुना आणि त्यात समुद्राचं पाणी. भरती-ओहोटीबरोबर पातळी वर-खाली होते, समुद्रातले मासे आत पोहत येतात. सिद्धेश्वर तलावाच्या काठी आपला भुईकोट पाहिलेल्याला पाण्याच्या आधाराने बांधलेला हा किल्ला चटकन समजेल.

दुसरा दिवस सायकलचा. इमाबारी ते ओनोमिची या वाटेवर सहा बेटं पुलांनी जोडलेली आहेत. १९९९ मध्ये खुली झालेली ही शिमानामी काइदोची सायकलवाट सुमारे ७० किलोमीटरची. पूर्ण करायलाच हवी असं नाही. सनराइज इतोयामा इथे सायकल भाड्याने घ्या, कुरुशिमाच्या सामुद्रधुनीवरच्या एकापुढे एक अशा तीन झुलत्या पुलांवरून चार किलोमीटर जा आणि परत या. खालचा प्रवाह इतका जोरदार की त्याची दिशा बदलली की जहाजांनी कुठल्या बाजूने जायचं तो नियमही बदलतो. किनाऱ्यावर जहाजबांधणीचे कारखाने दिसतील. २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज याच गावातल्या कंपनीच्या मालकीचं.

चालायची हौस असेल तर पांढऱ्या वेशातल्या यात्रेकरूंच्या मागे जा. बौद्ध संत कोबो दाइशींच्या नावाने शिकोकूच्या ८८ देवळांची सुमारे १,२०० किलोमीटरची परिक्रमा आहे, त्यातली ५४ ते ५९ क्रमांकाची सहा देवळं इमाबारीत येतात. ५५ वं नान्कोबो स्टेशनापासून चालत जाण्याजोगं. वाटेवरचे गावकरी यात्रेकरूंना संत्री, चहा, कधी नाणी देतात. घेणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना जेवू घालणाऱ्या जिल्ह्यातून आलेल्याला तिथे परकं वाटत नाही.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी असतं. उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा बहुतेक दुकानांत मिळतो. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र सोलापुरातूनच न्या, दोन्ही प्रवासात टिकतात. मांसाहारी असाल तर लोखंडी तव्यावर दाबून भाजलेलं कोंबडीचं कातडं ही इथली खासियत. रोख येन जवळ ठेवा, बसचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहा, कारण एक बस चुकली तर पुढची लवकर येत नाही.

पुढच्या आठवड्यात नीगाता प्रांतातलं तोकामाची. तिथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत भरलेल्या मिथिला संग्रहालयात जिव्या सोमा म्हशे यांची वारली चित्रं आहेत.