मेरू : ओल्या खडकावरील एका भुंगेऱ्याचा नवा वंश

कीटकांच्या हजारो नव्या जातींची वर्णने दरवर्षी प्रसिद्ध होत असतात. तेव्हा एखादी नवी जाती सापडली एवढ्यावरून प्राणिशास्त्रज्ञांस विशेष नवल वाटत नाही. तिच्यासाठी नवा वंश स्थापन करावा लागला तर मात्र त्यांचे लक्ष तिकडे वेधते, आणि त्या वंशासाठी एक स्वतंत्र कुलच निर्माण करण्याचा प्रसंग तर फारच क्वचित येतो. नवी जाती, नवा वंश आणि नवे कुल या तीनही गोष्टी २००५ साली एकाच शोधनिबंधात एकत्र आल्या. ज्या प्राण्यामुळे हे घडले तो पाण्यात राहणारा एक भुंगेरा असून त्याची लांबी पुरी एक मिलिमीटरही भरत नाही. त्याचे शास्त्रीय नाव मेरू फिलिसी असे आहे.

हे नाव वाचताच आपणांस पुराणांतील मेरू पर्वताची आठवण होईल. परंतु त्याच्याशी या नावाचा काही संबंध नाही. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात पेमोन नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या भाषेत ‘मेरू’ म्हणजे धबधबा. जगातील सर्वांत उंच म्हणून प्रसिद्ध असलेल्या एंजल धबधब्याचे पेमोन भाषेतील नाव ‘केरेपाकुपाइ मेरू’ असे आहे. आपला भुंगेराही धबधब्याचाच रहिवासी असल्याने त्याच्या वंशास हे नाव शोभते. ‘फिलिसी’ हे जातिवाचक नाव फिलिस स्पँग्लर यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे.

ओल्या खडकाचे जग

पाण्यातील भुंगेरे म्हटले की तळ्यात सूर मारणारे चकचकीत काळे किडे आपल्या डोळ्यांपुढे येतात. सायबिस्टर वंशाचे असे भुंगेरे भारतातील तळ्यांत सर्वत्र आढळतात व पावसाळ्यात रात्री दिव्यांवरही झेपावतात. त्यांची लांबी दोन-तीन सेंटिमीटर असते, मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात आणि पंखांच्या ढालीखाली हवेचा साठा घेऊन ते खोल पाण्यात बुडी मारतात. मेरूचे जीवन याहून अगदी निराळे आहे. धबधब्याच्या कडेला, जेथे पाणी खडकावरून पातळ पापुद्र्याप्रमाणे सतत वाहत असते, तेथे हा भुंगेरा राहतो. हे पाणी इतके उथळ असते की त्यात आपले बोटही पुरते बुडणार नाही; परंतु एक मिलिमीटरहून लहान प्राण्यास ते पुरेसे खोल असते.

एवढ्या लहान शरीरावर निसर्गाची बळे वेगळ्या प्रमाणात कार्य करतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. एकाच आकाराच्या दोन प्राण्यांपैकी एकाची लांबी दुसऱ्याच्या एक दशांश असेल तर त्याचे वजन एक सहस्रांश भरते. पाण्याच्या पृष्ठताणामुळे त्याच्यावर पडणारे बळ मात्र केवळ एक दशांशच होते. म्हणजे प्राणी जितका लहान, तितके पृष्ठताणाचे बळ त्याच्या वजनाच्या मानाने प्रबळ. मोठा भुंगेरा ज्या पाण्यातून सहज बाहेर पडतो, त्याच पाण्याचा पापुद्रा लहानग्यास जखडून ठेवू शकतो किंवा वाहवत नेऊ शकतो. अशा ठिकाणी उत्तम पोहता येण्यापेक्षा घट्ट धरून राहता येणे अधिक मोलाचे. मेरूच्या पायांच्या नख्यांना फणीसारखे दाते असतात. त्यांचा उपयोग खडकावरील शेवाळात पाय रोवण्याकडे होत असावा, असे अनुमान करावयास हरकत नाही.

संग्रहालयातील वीस वर्षे

व्हेनेझुएलाच्या दक्षिणेस अमाझोनास नावाचे राज्य आहे. तेथील पुएर्तो आयाकूचो या शहराच्या दक्षिणेकडे ग्रॅनाइटच्या उतरत्या खडकावरून एक ओढा वाहतो. या स्थळास ‘तोबोगान दे ला सेल्वा’, म्हणजे ‘अरण्यातील घसरगुंडी’, असे म्हणतात. कारण गुळगुळीत खडकावरून पाण्याबरोबर घसरत जाण्याची मौज लुटण्यासाठी लोक तेथे सहलीला येतात. याच खडकाच्या ओल्या भागावरून वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ पॉल स्पँग्लर यांच्या संग्रहात हे भुंगेरे आले. ही १९८० नंतरच्या दशकातील गोष्ट होय. स्पँग्लर व त्यांचे सहकारी वॉरन स्टायनर यांनी लिहिलेले वर्णन मात्र २००५ साली प्रसिद्ध झाले.

एवढा विलंब का व्हावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. याचे उत्तर वंश या कल्पनेतच आहे. वाघ, सिंह आणि बिबट्या या तीन जाती पँथेरा या एका वंशात मोडतात. घरातील मांजर फेलिस या दुसऱ्या वंशात मोडते. आणि हे दोन्ही वंश मार्जार कुलातच येतात. जातीचे वर्णन करताना ‘हा प्राणी इतरांहून वेगळा कसा’ एवढे सांगितले तरी भागते. वंश स्थापन करताना ‘याचे आप्त कोण व ते किती जवळचे’ हे सांगावे लागते. नवा वंश हा रानात आयता सापडत नाही. रानात सापडतो तो प्राणी. वंश हा त्याच्या नात्यासंबंधी शास्त्रज्ञाने मांडलेला सिद्धान्त असतो, आणि तो मांडण्यापूर्वी ज्ञात असलेल्या सर्व संभाव्य आप्तांशी प्राण्याची तुलना करून पाहावी लागते.

मेरूच्या बाबतीत हे काम विशेष अवघड होते. प्राण्याचे शरीर अतिशय लहान झाले की त्यातील कित्येक अवयव साधे होतात, काही नाहीसे होतात. परस्परांशी नाते नसलेले दोन लहान भुंगेरे केवळ लहानपणामुळे एकमेकांसारखे दिसू लागतात. म्हणून बाह्य रूपावर विसंबून न राहता शरीराची मूळ बांधणी तपासावी लागते. भुंगेऱ्यांच्या अॅडेफागा या उपगणात मागच्या पायांची कक्षांगे, म्हणजे पाय शरीरास जेथे जोडलेले असतात ते भाग, वक्षास अचल जडलेली असून ती उदराच्या पहिल्या खालच्या पट्टिकेस दुभागतात. मेरू याच उपगणातील आहे. मात्र या उपगणातील पाणभुंगेऱ्यांच्या कोणत्याही ज्ञात कुलात त्यास बसविता येईना. तेव्हा स्पँग्लर आणि स्टायनर यांनी त्याच्यासाठी मेरुइडी हे नवे कुल स्थापन केले.

प्राण्यांच्या नामकरणासाठी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. तिच्यानुसार नव्या नावाबरोबर त्या प्राण्याचे वैशिष्ट्य सांगणारे वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते. जातीच्या नावाचा आधार म्हणून प्रत्यक्ष नमुना निश्चित करून तो जतन करावयाचा असतो. आणि नव्या वंशासाठी एक आदर्श जाती ठरवावी लागते. पुढे कोणास शंका आली तर त्याने शब्दांवर न विसंबता मूळ नमुनाच पुन्हा पाहावा, हा यामागील हेतू होय.

सिद्धान्ताची कसोटी

वंश हा सिद्धान्त म्हटला की त्याची कसोटी घेता आली पाहिजे. मेरूची कसोटी तीन स्वतंत्र मार्गांनी झाली. २००६ साली प्रौढ भुंगेऱ्याच्या शरीररचनेची इतर कुलांशी पद्धतशीर तुलना करण्यात आली. २००८ साली त्याच्या डी.एन.ए.चा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०११ साली त्याच्या डिंभाचे, म्हणजे अळीचे, वर्णन झाले. डिंभाची साक्ष महत्त्वाची मानतात, कारण तो आणि प्रौढ यांची शरीरे अगदी भिन्न असतात; दोघांनी एकच नाते दाखविले तर ते केवळ योगायोगाने जुळले असे म्हणता येत नाही. मेरूचे सर्वांत जवळचे आप्त म्हणजे नोटेरिडी या कुलातील लहान पाणभुंगेरे होत, या निष्कर्षास या अभ्यासांनी बळकटी आणली.

अशा कसोटीत सिद्धान्त बदलावाही लागतो. २००२ साली दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील झिरपत्या खडकांवरून अॅस्पिडायटीस निओबे या भुंगेऱ्याचे वर्णन झाले. त्यासाठीही नवा वंश व नवे कुल करावे लागले. ग्रीक पुराणकथेतील निओबे ही पुत्रशोकाने शिळा झालेली आणि त्या शिळेतूनही अश्रू ढाळणारी माता होय. पुढच्याच वर्षी चीनच्या शान्शी प्रांतातून याच कुलातील दुसरी जाती प्रसिद्ध झाली व ती प्रथम त्याच वंशात घातली गेली. नंतर डी.एन.ए.च्या आधारे दोहोंतील अंतर फार मोठे आहे असे दिसून आले आणि चिनी जातीसाठी सिनॅस्पिडायटीस हा वेगळा वंश करण्यात आला. दोन्ही भुंगेरे होते तेच राहिले. त्यांच्या नात्यासंबंधीचे आपले ज्ञान तेवढे सुधारले.

एका खडकाचे मोल

२००८ साली मानफ्रेड येख आणि मिशाएल बाल्के यांनी जगातील पाणभुंगेऱ्यांची मोजदाद केली. तोपर्यंत वर्णन झालेल्या जाती सुमारे १२,६०० होत्या. प्रत्यक्षात त्या सुमारे १८,००० असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. उरलेल्या जाती कोठे असतील याचे एक उत्तर तोबोगानच्या खडकानेच दिले आहे. २००७ साली तेथूनच दुसऱ्या एका कुलातील लहान पाणभुंगेऱ्यांचा नवा वंश प्रसिद्ध झाला आणि स्थळाच्या नावावरून त्यास टोबोकॅरीस असे नाव मिळाले. ज्या खडकावर लोक सहलीसाठी येत, त्याच खडकावर दोन अज्ञात वंश नांदत होते. पाण्याचा अभ्यास करणारे बहुधा नद्या व तळी पाहतात, जमिनीचा अभ्यास करणारे कोरडी भूमी पाहतात. या दोहोंच्या सीमेवरील ओला खडक मात्र दोघांच्याही नजरेतून सुटतो.

असे जग जितके दुर्लक्षित, तितकेच नाजूक असते. पाण्याचा पापुद्रा टिकतो तो वरचा झरा वाहता असेपर्यंत. झरा नळाने वळविला, वरचे रान तोडले किंवा खडकावर साबण व तेल सांडले, तर नदीस त्याची जाणीवही होणार नाही. परंतु खडकावरील वस्ती नष्ट होऊ शकेल. वाघाची एक जाती गेली तरी पँथेरा वंश उरेल. मेरू वंशात मात्र एकच जाती ज्ञात आहे, आणि मेरुइडी कुलात तो एकच वंश. ती जाती गेली तर कुलाची संपूर्ण शाखाच तुटेल.

आपल्या देशातील शोध

भारतात ओल्या खडकांची वाण नाही. सह्याद्रीचे पावसाळी कडे, केरळमधील डोंगर, मेघालयातील धबधबे आणि हिमालयाच्या पायथ्याचे झरे ही सर्व अशीच स्थळे होत. खडकावरील पाण्यात राहणाऱ्या ऊसायक्लस या वंशाच्या जाती भारतातही आढळतात. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था १९१६ पासून या देशातील प्राण्यांची नोंद करीत आहे. तिच्या ग्रंथमालेत १९८४ साली टी. जी. वझिरानी यांचा पाणभुंगेऱ्यांच्या दोन कुलांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला असून अभ्यासकास तो आजही आधारभूत ठरतो.

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांस या कामी मोठ्या साहित्याची आवश्यकता नाही. एक मऊ ब्रश, बारीक जाळीची गाळणी, पांढरे तबक आणि चांगले भिंग एवढ्यावर आरंभ करता येतो. खडकावरील शेवाळ हलकेच ब्रशाने गाळणीत उतरवून तबकात थोड्या पाण्यात पसरावे आणि काही वेळ स्तब्धपणे पाहावे. धुळीच्या कणांपैकी एखादा कण चालू लागेल. मात्र संरक्षित अरण्यात वनखात्याच्या अनुमतीवाचून नमुने घेऊ नयेत, आणि कोठेही आवश्यकतेपेक्षा अधिक घेऊ नयेत. प्रत्येक नमुन्याबरोबर स्थळ, दिनांक, उंची आणि तो नेमका कशावर सापडला याची चिठ्ठी ठेवावी. मेरूचे नमुने वर्णन होण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे संग्रहात होते. ते कोठून आले याची नोंद राहिली म्हणूनच पुढील संशोधकांस त्याच खडकाकडे परत जाऊन नवा अभ्यास करता आला.