झुलत्या कड्या आणि स्थिर देह

व्यायामशाळेतील बहुतेक साधने जागची हलत नाहीत. पुरलेला मल्लखांब जमिनीत घट्ट असतो, समांतर बारचे पाय पक्के असतात, आडवा बार तारांनी ताणून बांधलेला असतो. साधनाने स्थिर राहावे आणि माणसाने हालचाल करावी, अशी तेथील रीत. कड्यांचा न्याय मात्र उलटा आहे. जमिनीपासून सुमारे २ मीटर ८० सेंटिमीटर उंचीवर, एकमेकींपासून ५० सेंटिमीटर अंतरावर, दोन कड्या पट्ट्यांना टांगलेल्या असतात. हात लागला की त्या हलू लागतात. येथे साधन चंचल. स्थिर राहावयाचे ते माणसाने. हे ज्यांनी आपल्या देहाने जगाला पटवून दिले, त्या अल्बर्ट अझारियान या आर्मेनियन खेळाडूची ओळख करून घेऊ.

कड्यांवरील आर्मेनियन यशाची सुरुवात त्यांच्या आधीची आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच हेलसिंकीत कड्यांचे सुवर्णपदक ह्रांत शाहिन्यान या आर्मेनियन खेळाडूने जिंकले. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा पाय जखमी झाला होता. तरीही सर्व साधनांवरील एकूण गुणांत ते जगात दुसरे आले! कड्या हे हातांचे काम असले, तरी एकूण गुणांत जमिनीवरील कसरती आणि उडीही येतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

अझारियान यांचा जन्म १९२९ चा. त्यांचे जन्मगाव, तेव्हाचे किरोवाबाद, आज गांजा या नावाने अझरबैजानात आहे; पुढील आयुष्य मात्र आर्मेनियाची राजधानी येरेव्हान येथे गेले. किशोरवयात त्यांना लोहारकाम करावे लागले आणि जिम्नॅस्टिक्सकडे ते तसे उशिराच वळले. परंतु एकदा वळल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. १९५४ साली रोम येथे आणि १९५८ साली मॉस्को येथे ते कड्यांचे जगज्जेते झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले आणि १९६० साली रोम येथे ते राखले. कड्यांवर लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारे ते पहिलेच. पुढे जपानच्या अकिनोरी नाकायामा यांनी १९६८ आणि १९७२ साली या पराक्रमाची बरोबरी केली.

आता त्या सामर्थ्याचे स्वरूप पाहू. कड्यांवरील सर्वांत प्रसिद्ध स्थिती म्हणजे क्रॉस. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरलेले, देह ताठ उभा, आणि सारा भार दोन मुठींवर. खेळाडूचे वजन ७० किलो धरा. म्हणजे प्रत्येक हातावर ३५ किलो. हा काही मोठा भार नव्हे, असे वाटेल. परंतु हा भार खांद्यापासून साधारण ६० सेंटिमीटर दूर आहे आणि त्याला तोलून धरणारे छातीचे व पाठीचे स्नायू खांद्याच्या सांध्याच्या अगदी जवळून ओढतात. ते अंतर ५ सेंटिमीटर धरले, तर तरफेच्या नियमाने स्नायूंना बारा पट, म्हणजे एकेका बाजूला सुमारे ४२० किलोंची ओढ द्यावी लागते. विहिरीवरील भरलेला पोहरा हात अंगाशी धरून उचला आणि मग तोच हात लांब करून धरा. फरक ताबडतोब समजेल. उंच आणि लांब हातांच्या माणसाला क्रॉस अधिक जड का जातो, याचेही उत्तर यातच आहे. शिवाय नुसते बळ पुरत नाही. स्नायू त्या मानाने लवकर बळावतात, पण सांध्याजवळचे कंडरे सावकाश तयार होतात. घाई करणाऱ्याचा खांदा दुखावतो, तो यामुळेच.

अझारियान क्रॉसमध्ये नुसते थांबत नसत. त्याच स्थितीत ते देह एका बाजूला वळवीत. हा वळविलेला क्रॉस त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हात न वाकविता सावकाश मागे फिरून क्रॉसमध्ये येण्याच्या कसरतीलाही नियमावलीत त्यांचेच नाव आहे. ‘सावकाश’ हा शब्द येथे महत्त्वाचा. झोका घेतला तर वेग माणसाला वर नेतो. सावकाश जाणाऱ्याला अशी उसनी मदत नसते.

या साऱ्या विजयांच्या वेळी वर चढला तो सोव्हिएट संघाचा ध्वज, आणि जगातील अनेकांनी या दोघांना सरसकट ‘रशियन’ म्हटले. शाहिन्यान आणि अझारियान मिळून कड्यांची लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके एका लहानशा राष्ट्राच्या मुलांनी मिळविली होती, हे येरेव्हानला ठाऊक होते. इतरांना ते सांगावे लागे. अझारियान यांचे पुत्र एदुआर्द यांनीही १९८० साली मॉस्को येथे सोव्हिएट संघाबरोबरच सांघिक सुवर्णपदक जिंकले. आर्मेनिया १९९१ साली स्वतंत्र झाला. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आर्तुर दावत्यान यांनी उडीच्या प्रकारात कांस्यपदक घेतले, तेव्हा जिम्नॅस्टिक्समध्ये स्वतंत्र आर्मेनियाचा ध्वज प्रथमच ऑलिंपिकच्या विजयमंचावर चढला. वयोवृद्ध अझारियान तेव्हा हयात होते. डिसेंबर २०२३ मध्ये, ९४ व्या वर्षी ते निवर्तले.

पुढे कधी कड्यांची स्पर्धा पाहण्याचा योग आला, तर खेळाडूच्या गिरक्यांबरोबर त्याच्या डोक्यावरील पट्ट्यांकडेही पाहावे. पट्ट्या थरथरत असतील, तर त्याचे काम अजून चालू आहे असे समजावे. त्या निश्चल झाल्या, तर किती वर्षांचे श्रम त्या दोन क्षणांत उभे आहेत, याचा अंदाज आता आपल्याला करता येईल.