हंगामात मोडलेलं नाक

उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाय घसरला, की माणूस तोंडावर आपटतो. नाकातून रक्त येतं, डोळ्यांखाली काळंनिळं होतं. चार दिवसांनी सूज उतरायला लागते आणि बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेला तोडकरी पुन्हा फडात उतरतो. मुकादमाची उचल फेडायची असते. खाडा पडला की पैसे कापले जातात. मोडलेलं हाड जागेवर बसवायला मोठ्या माणसात जेमतेम दोन आठवडे मिळतात, नंतर ते आहे तसंच जुळून येतं. नाक फळीवर मोडतं. वाकडं राहतं ते न मिळालेल्या सुट्टीमुळे.

मग हंगाम संपल्यावर, कधी कधी कित्येक वर्षांनी, दवाखान्याचा विचार सुरू होतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणून बीडच्या माणसाला पहिल्या तपासणीसाठी पुणे गाठावं लागत नाही.

कान-नाक-घशाचे डॉक्टर आधी श्वास तपासतात. थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरतात आणि दोन्ही बाजूंना वाफ किती धरते ते पाहतात. गाल बाजूला ओढून श्वास मोकळा होतो का, हेही बघतात. मग उजेड टाकून आतला पडदा. माराच्या वेळी त्या पडद्यात रक्त साठलं आणि वेळेवर काढलं नाही, तर कूर्चा विरघळते आणि नाकाचा दांडा खोगिरासारखा खचतो. अशा नाकाला आधार द्यायला कानाची किंवा बरगडीची कूर्चा घ्यावी लागते. नुसतं तिरकं जुळलेलं हाड असेल, तर ते छिन्नीने पुन्हा मोडून सरळ करतात. पुन्हा मोडायचं, हे ऐकूनच अनेक जण मागे सरतात.

दिसण्याचा विषय काढायला माणसं लाजतात. लाजू नये. तोही दुखापतीचाच भाग आहे, आणि श्वास नि रूप यांतलं काय आधी हवं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगितलेलं बरं.

जुनं नाक दुरुस्त होतं, याचा गाजलेला दाखला पुण्याचाच आहे. इंग्रज फौजेचा गाडीवान कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका वैद्याने मेणाचा साचा करून त्या मापाची कपाळाची कातडी खाली वळवली आणि नवं नाक घडवलं. त्या वैद्याची जात वीटकऱ्यांची, एवढीच नोंद राहिली. नाव कोणी लिहून ठेवलं नाही, ही खंत वाटते. ही हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापली गेली आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तिथे तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी आजही वापरतात, पण नाकाचा भाग गेला असेल तेव्हा. वाकड्या नाकाला तिची गरज नसते.

ऊसतोडीच्या घरात प्रश्न उरतो तारखेचा. एप्रिल-मेमध्ये शस्त्रक्रिया झाली, तर नाकावरचा साचा साधारण आठवड्याने निघतो, जड उचलणं काही आठवडे बंद राहतं आणि दसऱ्यानंतर टोळी निघेपर्यंत हाड पक्कं झालेलं असतं. शेंड्याची सूज मात्र वर्षभर हळूहळू उतरत राहते.