हेवर्ड विभंग

हेवर्ड विभंग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यातील एक सक्रिय विभंग. लांबी सु. १२० किमी. सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या पायथ्यालगत तो वायव्य-आग्नेय दिशेने गेला असून बर्कली, ओकलंड, हेवर्ड, फ्रीमाँट इ. शहरे त्यावर किंवा त्यालगत वसलेली आहेत.

पॅसिफिक व उत्तर अमेरिकी हे भूपट्ट येथे एकमेकांलगत आडव्या दिशेने सरकतात. त्यांच्यातील बरेचसे सापेक्ष स्थानांतरण सॅन अँड्रेयस विभंगावर होते. उरलेल्यापैकी वर्षाला सु. ९ मिमी. हेवर्ड विभंगाच्या वाट्याला येते. विभंगाच्या एका बाजूस उभे राहून पाहिल्यास पलीकडील बाजू उजवीकडे सरकलेली दिसते.

भूपृष्ठाजवळ हे सरकणे भूकंपावाचूनही चालू असते. त्यास मंद सर्पण म्हणतात. त्याचे सरासरी मान वर्षाला सु. ५ मिमी. आहे. त्यामुळे पदपथांच्या कडा वाकतात आणि भिंतींना तडे जातात. हेवर्डच्या जुन्या नगरगृहाचा वापर यामुळेच थांबवावा लागला. १९२३ मध्ये बांधलेले कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली येथील क्रीडागार विभंगावरच असून त्याची मजबुती वाढवून ते २०१२ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. खोलवर मात्र विभंगाचे काही भाग जखडलेले असून तेथे विकृती साचत जाते. वरील गतीने १८६८ नंतर या भागांत साचलेले स्थानांतरण सु. १.४ मी. भरते.

२१ ऑक्टोबर १८६८ रोजी या विभंगावर सु. ६.८ महत्तेचा भूकंप झाला. त्यात सु. ३० माणसे दगावली. १९०६ पर्यंत ‘सॅन फ्रॅन्सिस्कोचा मोठा भूकंप’ म्हणून हाच ओळखला जाई. फ्रीमाँट येथील एका तळ्याच्या गाळात चर खणून केलेल्या अभ्यासातून गेल्या सु. १,९०० वर्षांतील बारा मोठ्या भूकंपांच्या खुणा आढळल्या. त्यांपैकी शेवटच्या पाच भूकंपांतील सरासरी अंतर सु. १४० वर्षे येते. १८६८ पासून त्याहून अधिक काळ लोटला आहे. तथापि सरासरीवरून पुढील भूकंपाची तारीख सांगता येत नाही.

अलीकडे बर्कलीजवळ ४ जानेवारी २०१८ रोजी ४.४ आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी ४.३ महत्तेचे भूकंप झाले. अशा लहान धक्क्यांनी साचलेला ताण निघून जातो व मोठा भूकंप टळतो, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. महत्ता एका एककाने वाढली म्हणजे मुक्त होणारी ऊर्जा सु. ३२ पट होते. त्यामुळे १८६८ च्या भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडण्यास २०२५ सारखे पाच हजारांहून अधिक धक्के लागतील. तसेच असा धक्का मोठ्या भूकंपाची निश्चित पूर्वसूचनाही ठरत नाही. २०१४ पासूनच्या तीस वर्षांत हेवर्ड आणि त्याच्या उत्तरेकडील रॉजर्स क्रीक या विभंगांवर ६.७ किंवा अधिक महत्तेचा भूकंप होण्याची संभाव्यता सु. ३३% धरण्यात आली आहे.

भूकंप रोखता येत नसल्याने हानी कमी करण्यावरच भर द्यावा लागतो. कॅलिफोर्नियातील १९७२ च्या कायद्यान्वये सक्रिय विभंगाच्या रेषेवर नव्या वसतियोग्य इमारती उभारण्यास मनाई आहे. परंतु जुनी घरे, जलवाहिन्या व रेल्वेचा बोगदा विभंग ओलांडूनच गेलेले आहेत. शिवाय बहुतेक हानी विभंगरेषेवर नव्हे, तर दूरवर पसरणाऱ्या हादऱ्यांमुळे, विशेषतः उपसागराकाठच्या भरावाच्या मऊ जमिनीवर, होते. म्हणून जुन्या इमारतींचे मजबुतीकरण हाच संरक्षणाचा मुख्य उपाय ठरतो.