नवागताची परीक्षा : हौशी बिनतारीच्या परवान्याचा शंभर वर्षांचा वाद

अवकाशातून जाणाऱ्या विद्युच्चुंबकीय लहरींवर कोणाचीही खाजगी मालकी नाही. राष्ट्राराष्ट्रांनी एकत्र बसून त्यांचे पट्टे आखले, कोणता पट्टा कोणाच्या उपयोगाचा हे ठरवले, आणि त्यांतले काही, द्रव्यलाभाची अपेक्षा न धरता केवळ ज्ञानाच्या आणि संभाषणाच्या ओढीने यंत्रापाशी बसणाऱ्या हौशी माणसांसाठी राखून ठेवले. गावच्या गायरानासारखीच ही व्यवस्था आहे : सर्वांचे ते कोणाचेच नव्हे असे एकाने मानले, की ते उजाड व्हायला वेळ लागत नाही. म्हणून येथे येणाऱ्याची परीक्षा घ्यावी, याविषयी फारसा मतभेद कधीच नव्हता. वाद आहे तो ती परीक्षा कशाची असावी, किती अवघड असावी, आणि ती देऊन आत आलेल्या नवख्याकडे जुन्यांनी कोणत्या दृष्टीने पाहावे, यांविषयी. अमेरिकेत हा वाद दीर्घकाळ आणि उघडपणे चालला, त्याची कागदपत्रेही मुबलक आहेत. म्हणून त्या देशाचा वृत्तांत येथे मुख्यतः विचारात घेतला आहे.

बेदखल झालेले पूर्वज

१९१२ पूर्वी अमेरिकेत बिनतारी यंत्र चालवण्यास कोणाचीच अनुज्ञा लागत नसे. ठिणगीचे प्रक्षेपक घरच्या घरी जुळवून पोरेसोरे रात्र रात्र संदेश पाठवीत, आणि त्या गलबल्यात आरमाराचे संदेश बुडून जातात अशी तक्रार सतत होत असे. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, लोकमत खवळले, आणि १३ ऑगस्ट १९१२ रोजी संमत झालेल्या रेडिओ कायद्याने परवाना सक्तीचा केला. हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीत लोटण्यात आले. त्या लहरी दूर जात नाहीत, त्या निरुपयोगी आहेत, अशीच तज्ज्ञांची तेव्हा समजूत होती.

ज्यांना उपद्रवी ठरवून या नापीक मुलखात घालवले, त्यांनीच तो पिकवून दाखवला. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी क्लॅरेन्स टस्का यांच्यासह १९१४ मध्ये हार्टफर्ड येथे अमेरिकन रेडिओ रिले लीग स्थापन केली. डिसेंबर १९२१ मध्ये कनेटिकटमधील एका हौशी केंद्राचे संकेत पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर तंबूत बसून टिपले. आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रेड श्नेल आणि जॉन रायनार्ट्झ या दोघा अमेरिकनांनी, सुमारे ११० मीटरवर, फ्रान्समधील लेऑं देलॉय यांच्याशी अटलांटिकपलीकडे दुतर्फा संभाषण केले. लघुलहरींचे सामर्थ्य जगाला कळले ते बहुतांशी अशा प्रयोगांतून. नवागतांविषयीच्या चर्चेत जुन्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्यांचे मूळ पुरुष हेच कधी काळचे नकोसे नवागत होत.

तरीही तक्रारीला सुरुवात व्हायला एक पिढीही जावी लागली नाही. लीगच्या ‘क्यूएसटी’ या मासिकात ‘द ओल्ड मॅन’ या टोपणनावाने लिहिणारा एक लेखक पट्ट्यांवरच्या गोंधळाचे आणि नवशिक्यांच्या गचाळ संदेशलेखनाचे वाभाडे काढी, आणि अपराध्यांना शासन करण्यासाठी ‘वूफ हाँग’ नामक एका भयंकर हत्याराची आठवण करून देई. पुढे तशा आकाराची एक लाकडी वस्तू लीगच्या मुख्य कचेरीत खरोखरच भिंतीवर टांगण्यात आली. हा लेखक म्हणजे खुद्द मॅक्सिमच, हे सर्वांना कळले ते १९३६ मध्ये त्यांच्या निधनानंतर. ज्याने सर्वांना एका छत्राखाली आणले, त्यालाच नव्यांच्या वर्तनाचा इतका त्रास व्हावा, यावरून दिसते की शिस्तीची चाड आणि नव्यांचे स्वागत या दोन्ही वृत्ती या छंदात प्रारंभापासून, आणि पुष्कळदा एकाच अंतःकरणात, नांदत आल्या आहेत.

पासष्ट अक्षरे

परवान्याच्या परीक्षेत विद्युत्शास्त्र आणि नियम यांबरोबर मोर्सची परीक्षा होती, आणि तिला सबळ कारण होते : जहाजे त्याच लिपीत बोलत, संकटसंदेश त्याच लिपीत येत, आणि तो आला असता हौशी माणसाला कळून त्याने तत्क्षणी आपले प्रक्षेपण थांबवणे अत्यावश्यक होते. १९३६ मध्ये तिची गती मिनिटाला १० शब्दांवरून १३ शब्दांवर नेण्यात आली. पाच अक्षरांचा एक शब्द धरला तर मिनिटाला ६५ अक्षरे होतात. सरकारी कचेरीत परीक्षक पाच मिनिटे संदेश ऐकवी, आणि त्यातील कोणतेही सलग एक मिनिट, म्हणजे ओळीने ६५ अक्षरे, निर्दोष उतरली तर उमेदवार उत्तीर्ण होई; चौसष्टाव्या अक्षरावर पेन्सिल अडखळली तर मोजणी पुन्हा एकापासून. मिनिटाला दहा शब्दांच्या आसपास बहुतेकांची प्रगती खुंटते, कारण तोवर मनात ठिपके आणि रेघा मोजून अक्षर ओळखता येते, पुढे मोजायला अवसर उरत नाही आणि प्रत्येक अक्षराचा नाद अखंड ओळखावा लागतो. ज्याने महिनोन्‌महिने बसून हा चढ ओलांडला, त्याला आपल्या परवान्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. अडचण पुढे उद्भवली : साधन म्हणून आलेली ही कसोटी हळूहळू शीलाची कसोटी मानली जाऊ लागली.

१९५१ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ‘नॉव्हिस’ ही प्रवेशश्रेणी निर्माण केली, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच. मोर्सची गती केवळ पाच शब्द, सोपी लेखी परीक्षा, ७५ वॉटची मर्यादा, आणि परवान्याची मुदत एक वर्ष, नूतनीकरण नाही; वर्षभरात पुढची परीक्षा द्यावी, नाहीतर यंत्र बंद करावे. प्रक्षेपकाची कंप्रता स्फटिकाने बांधलेली असे, त्यामुळे नवखा आपल्या एका ठिकाणाहून हाक घाली आणि उत्तर कोठून येईल ते शोधत ग्राहकयंत्राची तबकडी सगळ्या पट्ट्यावर सावकाश फिरवीत राही. ऐकण्याचा संयम कोणत्याही पुस्तकापेक्षा त्याला या बंधनाने अधिक शिकवला. ही परीक्षा लवकरच कोणा अनुभवी परवानाधारकाच्या देखरेखीखालीही देता येऊ लागली. प्रश्नपत्रिकेचा मोहोरबंद लखोटा फोडणारा हात शेजारच्याच जाणत्याचा असल्यामुळे उमेदवाराच्या पुढील वर्तनाची थोडी जबाबदारी त्याच्याकडेही आपोआप येई.

प्रोत्साहन की जप्ती

१९५३ पासून नॉव्हिसच्या वरच्या ‘जनरल’ श्रेणीतील परवानाधारकांना सर्व पट्ट्यांवर मुक्तद्वार होते. पुढे, लोक शिकण्याचे थांबले आहेत, दर्जा घसरतो आहे, असे लीगला वाटू लागले आणि १९६३ मध्ये तिने वरच्या श्रेणींना विशेष हक्क देण्याची योजना मांडली. तिचे जे रूप २२ नोव्हेंबर १९६८ पासून अंमलात आले, त्यात जनरलवाल्यांच्या ताब्यातील पट्ट्यांचे काही भाग काढून घेऊन ‘ॲडव्हान्स्ड’ आणि ‘एक्स्ट्रा’ या श्रेणींना देण्यात आले. एक्स्ट्रासाठी मिनिटाला २० शब्दांची मोर्स आवश्यक होती. पंधरा वर्षे निर्वेध उपभोगलेला हक्क एका हुकमाने गेला, आणि त्या रागाने अनेकांनी लीगशी कायमचा अबोला धरला. दर्जा उंचावण्याचा हेतू प्रामाणिक होता. तथापि माणसाच्या हातचे काढून घेऊन त्याला ‘आता अभ्यास कर’ असे सांगितले, तर त्याला अभ्यास दिसत नाही, जप्तीच दिसते.

त्याच सुमारास दुसरी भीती वाढत होती. १९५८ मध्ये हौशी लोकांचा ११ मीटरचा पट्टा काढून नागरिकांच्या सामान्य वापरासाठी ‘सिटिझन्स बँड’ म्हणून देण्यात आला होता. त्याला परीक्षा नव्हती, अर्ज पुरे होता. १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकचालकांनी तो उचलला, देशभर त्याचे वेड पसरले, खोट्या नावांचा आणि बेकायदा शक्तीच्या यंत्रांचा सुळसुळाट झाला, आणि अखेर १९८३ मध्ये सरकारने तेथला वैयक्तिक परवानाच रद्द केला. परीक्षेचे कुंपण काढले की काय होते याचे हे उदाहरण हौशी जगाच्या डोळ्यांपुढे होते. त्याच वर्षी मोर्सविना परवान्याची सूचना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने केली, तेव्हा विरोधाचा असा भडिमार झाला की ती मागे घ्यावी लागली.

१९९१ मध्ये मात्र मोर्सविना ‘टेक्निशियन’ परवाना आलाच. पुष्कळ नवे लोक आले. पुष्कळ जुन्यांनी त्यांना ‘नो-कोड’ असे हिणवले, आणि त्यांच्या हाकेला उत्तर न देणारेही निघाले. एप्रिल २००० मध्ये सर्व श्रेणींसाठी गती पाच शब्दांवर आली. २००३ च्या जिनिव्हा परिषदेने मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती उठवून निर्णय प्रत्येक राष्ट्रावर सोपवला. आणि २३ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत मोर्सची परीक्षा उरली नाही. जपानने तर कित्येक दशके आधीच मोर्सविना प्रवेशश्रेणी ठेवली होती, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यावर तेथील हौशी केंद्रांची संख्या १३ लाखांच्या वर गेली होती. तेवढ्याने जपानी पट्ट्यांवर अराजक माजले नाही.

तक्रारीतील सत्य आणि तिची मर्यादा

भाकीत असे होते की सक्ती गेली की मोर्स मरेल. ती मेली नाही. सक्ती होती तोवर कशीबशी ६५ अक्षरे उतरवून पुन्हा कळेला हात न लावणारे थोडे नव्हते. सक्ती गेल्यावर ती केवळ आवडीने शिकणाऱ्यांसाठी वर्ग निघाले आणि ते आजही भरतात. तोच प्रसंग नव्या वेषात पुन्हा आला आहे. पदार्थविज्ञानाचे १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे जोसेफ टेलर हे कुमारवयापासूनचे हौशी बिनतारीवाले. त्यांनी आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये ‘एफटी-८’ ही संगणकीय पद्धत आणली, तिने कानाला ऐकूही न येणारे क्षीण संकेत टिपता येऊ लागले, आणि लगोलग ‘हा खरा रेडिओ नव्हे’ असा आक्षेप उमटला. आपण ज्या दारातून आलो तेवढेच दार खरे, असे मानण्याचा मोह प्रत्येक पिढीला पडतो.

असे असले तरी जुन्यांची तक्रार सर्वस्वी निराधार नाही, आणि तिच्यातील सत्य स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. पूर्वीच्या परीक्षेत आंदोलकाची (ऑसिलेटरची) आकृती स्वहस्ते काढून दाखवावी लागे. १९८४ पासून परीक्षा स्वयंसेवक परीक्षकांकडे आल्या, आणि आज प्रवेशपरीक्षेचे ३५ प्रश्न अगोदरच प्रसिद्ध झालेल्या काही शे प्रश्नांच्या संचातून येतात, चार पर्यायांसकट, आणि २६ उत्तरे बरोबर आली की परवाना हाती पडतो. प्रश्न पाठ करून उत्तीर्ण झालेल्याला विजेच्या तारेपासून अँटेना किती दूर असावी, आपल्या प्रक्षेपणाने शेजाऱ्याच्या यंत्रात व्यत्यय का येतो, हे खरोखर समजलेले असेलच असे नाही. ही उणीव खरी आहे. पण ती मोर्सच्या जुन्या कसोटीनेही भरून निघत नव्हती, आणि नवख्याशी अबोला धरल्याने तर मुळीच निघणार नाही. ती भरून काढतो तो शेजारचा जाणता, ज्याला अमेरिकेत ‘एल्मर’ म्हणतात : जो सायंकाळी येऊन जोडणी तपासतो, भूसंपर्काची तार घट्ट करायला लावतो, आणि चूक झाली तर ती सर्वांसमक्ष न सांगता मागाहून सांगतो.

आपल्याकडे

भारतात या छंदाची परंपरा कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून, म्हणजे १९२१ पासून, सांगितली जाते. आपल्याकडे परवान्याचा प्रश्न दर्जाइतकाच राज्यसत्तेच्या संशयाशीही निगडित राहिला. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी लोकांना प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम दिले, आणि १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा त्याच्या यंत्रामागे नरिमन प्रिंटर या हौशी बिनतारी-तंत्रज्ञाची विद्या होती. स्वातंत्र्यानंतरही पोलीस तपासणी, दफ्तरांतला प्रवास आणि प्रतीक्षा यांनी नवागताची उमेद मोर्सपेक्षा अधिक खचवली. १९७८ च्या नियमांत श्रेणीनुसार मोर्सची गती होती. पुढे निर्बंधित श्रेणीला ती लागेनाशी झाली. हे योग्यच झाले. पण पुण्या-मुंबईबाहेरच्या तालुक्याच्या गावातील मुलाला परीक्षेचे केंद्र, शिकवणारा जाणता आणि वेळेवर परवाना ही तिन्ही दुर्लभ असतील, तर दर्जाची चर्चा त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे.

ही विद्या किती मोलाची, हे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपाने आणि २६ डिसेंबर २००४ रोजी अंदमानातील सुनामीने दाखवले. अंदमानात भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी दूरसंपर्काच्या हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअर येथे आले होते. सुनामीने नेहमीचे दळणवळण तुटले तेव्हा त्यांनी मोहीम थांबवून तीच यंत्रे मदतकार्याला जुंपली. अशा वेळी उपयोगी पडतात ती शांतपणे ऐकण्याची सवय, नेमके बोलण्याची शिस्त आणि यंत्राची खरी ओळख. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी कोणत्याही लेखी परीक्षेत मोजता येत नाहीत. त्या संगतीनेच येतात.

म्हणून प्रवेशाची परीक्षा सार्वजनिक सुरक्षिततेला आवश्यक तेवढीच, परंतु प्रामाणिक असावी. पाठांतराने ती पार होत असेल तर तिच्यात प्रत्यक्ष जोडणीचा एक छोटा भाग घालावा. आणि त्यापुढचे शिक्षण प्रत्येक हौशी मंडळाने आपले कर्तव्य मानावे. नवा परवाना निघाला की मंडळातील एका जाणत्याने त्या माणसाची वर्षभराची जबाबदारी नावानिशी स्वीकारावी, असा साधा संकेत पाळता येईल. १९५१ च्या नॉव्हिस परवान्यात एक वर्षाची मुदत होती; त्या मुदतीत शिकण्याचे बंधन एकट्या नवख्यावर होते. आता शिकवण्याचे बंधन जुन्यांनीही स्वतःवर घालून घ्यावे. ज्यांना दर्जाची खरोखर काळजी आहे, त्यांच्यापुढे याहून चांगला मार्ग नाही.