रहस्यकादंबरीची शिफारस : कुलाबा किनाऱ्याच्या निमित्ताने

‘एखादी चांगली रहस्यकथा सुचवा’ ही वाचकाची मागणी वरवर पाहता अत्यंत साधी दिसते. काव्याची किंवा सामाजिक कादंबरीची शिफारस करताना अभ्यासक जेवढा विचार करतो, त्याच्या दशांशानेही तो येथे करीत नाही. हाताशी येईल ते नाव सांगितले की आपले काम झाले, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः या प्रकारात शिफारस चुकली तर होणारी हानी अधिक असते. सामान्य कादंबरी न आवडल्यास वाचक ती अर्ध्यावर मिटतो. रहस्यकादंबरी मात्र तो शेवटपर्यंत नेतो, आणि शेवटी फसवणूक झाल्याचे जाणवले म्हणजे त्या एका पुस्तकाबरोबर संपूर्ण वाङ्मयप्रकारासच मुकतो.

पहिली अडचण शब्दाची आहे. मराठीत ‘रहस्यकथा’ या एका नावाखाली किमान तीन निरनिराळ्या वस्तू नांदतात. गुन्हा, शोध आणि उलगडा अशा क्रमाने जाणारी शोधकथा ही पहिली. नायकाची साहसे, वेषांतरे आणि पाठलाग यांवर उभी असलेली साहसकथा ही दुसरी. तिसरी गूढकथा, तिच्यात उलगडा होतोच असे नाही, किंबहुना तो न होण्यातच तिचे सामर्थ्य असते. नारायण धारप (१९२५–२००८) व रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचे वाचक या तिसऱ्या दालनातले होत. बुद्धीस खाद्य मागणाऱ्या वाचकाच्या हाती धारपांची समर्थकथा दिली तर तो तर्क शोधीत बसेल, आणि धारपांवर व वाचकावर सारखाच अन्याय होईल. म्हणून शिफारस करणाराने प्रथम विचारावे ते पुस्तकाचे नाव नव्हे. यापूर्वीचे कोणते पुस्तक आवडले आणि त्यातील नेमके काय लक्षात राहिले, हे विचारावे.

मराठीपुरते बोलावयाचे तर आरंभ बाबुराव अर्नाळकरांपासूनच करावा लागतो. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. झुंजार, धनंजय, काळापहाड अशा नायकांच्या मालिका रचीत त्यांनी हजाराहून अधिक कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि लिहावाचावयास नुकत्याच शिकलेल्या माणसापासून महाविद्यालयीन तरुणापर्यंत अनेकांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्या रचनेवर पाश्चात्त्य नमुन्यांची छाया आहे हे उघड आहे. तथापि केवळ तेवढे सांगून त्यांना निकालात काढणे हा आळस होय. अर्नाळकरांची कथा एका बैठकीत संपते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसल्यावर उघडावी आणि धक्का दिसू लागता मिटावी, एवढाच तिचा विस्तार असतो. ही तिची मर्यादा आहे, तसाच तिचा शिस्तबद्धपणाही आहे. मात्र ती साहसकथा म्हणून सुचवावी. तिच्यात सुगावे मोजीत बसणारा वाचक निराश होईल.

अर्नाळकरांनंतरच्या पिढीत गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आणि गोलंदाज, तसेच सुहास शिरवळकरांचे (१९४८–२००३) मंदार पटवर्धन, फिरोज इराणी व वकील अमर विश्वास यांच्या मालिका येतात. शिरवळकरांची ‘दुनियादारी’ वाचून आलेल्या विद्यार्थ्याला अमर विश्वासकडे वळविणे सोपे जाते, कारण संवादाची चटक त्यास आधीच लागलेली असते. शशी भागवतांची ‘मर्मभेद’ ही या सर्वांहून वेगळी. राजवाडे, कारस्थाने आणि जुन्या वळणाची घाटदार भाषा हे तिचे विश्व आहे. गो. ना. दातारांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा वाचक तिच्यात रमेल. घड्याळ व जबान्या तपासणारा रमणार नाही.

ज्याला खरोखर कोडेच हवे आहे, त्याला भाषांतरांकडे नेणे प्राप्त आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला. सत्यजित राय यांचा फेलूदा (बंगालीत अवतरला १९६५ मध्ये) अशोक जैन यांनी मराठी वाचकाच्या घरी पोहोचविला. शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी १९३२ पासूनचा. होम्सनंतर एकदम अगाथा ख्रिस्तीकडे जाण्यापेक्षा मध्ये ब्योमकेश ठेवावा. त्याच्या कथांतील एकत्र कुटुंब, इस्टटीचे वाद आणि नोकरमाणसांचे मौन मराठी वाचकाला परके वाटत नाही.

क्रमाचा प्रश्न येथे साहित्यिक नसून व्यावहारिक आहे. ख्रिस्तीची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी (१९२६) लवकर सुचवावी. ती श्रेष्ठ आहे एवढ्याचसाठी नव्हे, तर तिचे रहस्य कोणी ना कोणी फोडतोच म्हणून. उलट प्वारोची अखेरची कथा सांगणारी ‘कर्टन’ (१९७५) शेवटीच वाचावी. वर्गात या प्रकाराची चर्चा करताना अध्यापकाने खुन्याचे नाव उच्चारणे हा, विनोदाने का होईना, वाङ्मयीन गुन्हाच समजला पाहिजे.

आता किनाऱ्याकडे वळावे. १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याचा समुद्रकिनारा आणि शोधकथा यांचा संबंध सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. शोधकथेस एक मर्यादित जागा लागते: आत कोण होते आणि बाहेर कोण, हे निश्चित सांगता यावे अशी. बंद खोली हे तिचे सर्वांत लहान रूप, बेट हे मोठे रूप. ख्रिस्तीने १९३९ च्या कादंबरीत दहा माणसे एका बेटावर नेऊन ठेविली. मुरुडनजीकचा जंजिरा किंवा थळसमोरचा खांदेरी पाहिलेल्या वाचकास ही रचना समजावून सांगावी लागत नाही. परंतु याहून सूक्ष्म असा तिसरा प्रकार आहे: दिवसातून दोनदा बेट होणारी आणि दोनदा जमिनीस जोडली जाणारी जागा. ख्रिस्तीच्या ‘ईव्हिल अंडर द सन’ (१९४१) मधील बेट असेच आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बर्ग बेटावरून ते सुचले. अलिबागचा कुलाबा किल्ला नेमका त्याच जातीचा. ओहोटीस पुळणीवरून चालत जावे, भरतीस होडी करावी.

येथे स्थानिक वाचक डिटेक्टिव्हाच्याही पुढे जाऊ शकतो. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा किनाऱ्यावरील लोकांचा जुना आडाखा आहे. पौर्णिमा ही पंधरावी तिथी; तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी दुपारच्या सुमारास उधाणाची भरती असते, आणि ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी. मात्र भांगाच्या त्या दिवसांत पाणी पुरते ओसरत नाही. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा एखाद्या कादंबरीतील साक्षीदाराने पौर्णिमेच्या भर दुपारी आपण चालत किल्ल्यात गेलो असे सांगितले, तर अलिबागचा वाचक ते पान उलटण्यापूर्वीच त्यास खोटा ठरवील. पुण्याचा वाचक मात्र डिटेक्टिव्हाची वाट पाहील. लेखकाने ही चूक अजाणता केली असेल, तर त्याच अलिबागच्या वाचकाच्या लेखी कादंबरी तेथेच संपते.

हा भेद शिफारशीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये मांडलेल्या दहा नियमांचा गाभा एवढाच की, जे डिटेक्टिव्हास दिसते ते वाचकासही दिसले पाहिजे. परंतु दिसणे आणि उमजणे यांत अंतर आहे. पंचांग पाहून होडी लोटणाऱ्याला जो सुगावा सूर्यप्रकाशाइतका स्पष्ट, तो इतरांस केवळ वर्णन वाटतो. म्हणून किनाऱ्यावरील वाचकास समुद्राच्या कादंबऱ्या आवर्जून द्याव्यात. डोरोथी सेयर्सच्या ‘हॅव हिज कार्केस’ (१९३२) मध्ये प्रेत खडकावर सापडते आणि भरती चढत असते. पुढचा सारा शोध त्या पाण्याच्या छायेत चालतो. विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’ (१८६८) मध्ये १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून गेलेला हिरा आहे आणि यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील थरथरती वाळूही आहे. हे पुस्तक लांब आहे, परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते टाळू नये. निरनिराळ्या निवेदकांकडून एकच घटना वदविण्याचे तंत्र इतक्या लवकर इतके पक्के झालेले पाहून तो चकित होईल.

गुन्ह्याची सत्यकथा मागणारा वाचक हा वेगळा, आणि त्याच्याशी सावधपणे वागावे. या किनाऱ्यावर गुन्हा ही केवळ कल्पना राहिलेली नाही. १९९३ च्या आरंभी दिघी व शेखाडी येथे चोरटा शस्त्र-स्फोटकांचा माल उतरला, आणि १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. हुसेन झैदी यांचे ‘ब्लॅक फ्रायडे’ (२००२) त्या कटाचा वृत्तांत देते. तेथे चाणाक्ष नायक नाही, न्याय वेळेवर होत नाही, आणि शेवटच्या पानावर सुटकेचा निःश्वासही नाही. कोड्याच्या आनंदासाठी आलेल्या वाचकाला हे पुस्तक करमणूक म्हणून पुढे करणे अप्रशस्त होय. दोहोंतील अंतर सांगून, त्याची तयारी असल्यासच द्यावे.

एक अडचण मात्र शिफारशीने सुटण्यासारखी नाही. अर्नाळकरांच्या काळातील स्वस्त कागदाची, तारेने टाचलेली पुस्तके खाऱ्या दमट हवेत टिकत नाहीत. तार गंजते, पाने पिवळी पडून सुटतात, आणि बहुधा प्रथम हरवते ते उलगड्याचे शेवटचे पान. किनाऱ्यावरील वाचनालयाच्या कपाटात अशी एखादी प्रत आढळल्यास विद्यार्थ्याने ती घरी नेण्यापूर्वी शेवटचे पान आहे की नाही ते पाहावे. मात्र ते वाचू नये.