‘लाइन क्लिअर’

चांदा फोर्टाहून गोंदियास जाणारी आगगाडी सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा अशी गावे घेत सागाच्या व बांबूच्या रानांतून जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग एकेरी व अरुंद रुळांचा घातला गेला. रुळांची रुंदी पुढे वाढली. एकेरी मार्गावर दोन्हीकडच्या गाड्यांस रूळ एकच. वळणापलीकडचे झाडीमुळे दिसत नाही आणि भरधाव गाडी तत्काळ थांबत नाही. मग त्या एकमेकींवर आदळत कशा नाहीत?

पुढील स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची संमती, दिल्यावाचून गाडी सोडता येत नाही. परंतु कानाने ऐकलेले फसते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सारखेच वाटतात. म्हणून ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावयाचा व लिहून ठेवावयाचा. फाटकवाल्यानेही नुसते ‘बरे’ म्हणून भागत नाही. फाटक बंद केल्याची खूण म्हणून तो आपल्या कागदावरील एक अंक स्टेशनमास्तरास सांगतो. त्यास ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणतात. वापरलेला अंक लगेच खोडला जातो.

याहून पक्का उपाय म्हणजे टोकन. पुष्कळ एकेरी मार्गांवर ते पोलादी गोळ्याच्या रूपात असे. दोन्ही स्टेशनांतील यंत्रे विजेने अशी जोडलेली असतात, की एका वेळी एकच गोळा बाहेर निघतो. ज्या ड्रायव्हरापाशी तो गोळा, त्याचीच वाट. गोळ्यावर स्टेशनांची नावे कोरलेली असतात.

तथापि यंत्र असूनही मनुष्य चुकतो. 26 जानेवारी 1921 रोजी वेल्समधील अ‍ॅबरम्यूल येथे गाडीने आणलेले मागील टप्प्याचेच टोकन हातोहाती फिरून त्याच गाडीस परत मिळाले. देणाऱ्यास वाटले, ते पुढचेच असेल. घेणाऱ्यांनी त्यावरील नावे वाचली नाहीत. समोरून खरे टोकन घेऊन एक्सप्रेस येत होती. त्या टकरीत सतरा माणसे मृत्यू पावली. यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येकाने दुसऱ्याने पाहिले असेल असे गृहीत धरले, एवढेच.

विद्यार्थ्यांनो, घरचा निरोप शेजारी पोहोचवावयाचा असो की गुरुजींची सूचना वर्गास सांगावयाची असो, ‘समजले’ म्हणण्यापूर्वी ती एकदा परत म्हणून दाखवा. त्यात कमीपणा मुळीच नाही. रानातून रात्री जाणाऱ्या गाडीतील शेकडो प्रवासी अशाच एका परत म्हटलेल्या शब्दाच्या भरवशावर निश्चिंत झोपतात.